पी०१३५ कोड आलाय, गॅरेजवाला सेन्सर बदला म्हणतो. बदलू का?

भांडुपकर८२

नमस्कार मंडळी.

गाडी २०१६ ची हॅचबॅक, १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, बीएस-४. नंतर बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलं. रोज भांडुप ते सीप्झ, जेव्हीएलआरने. मागच्या आठवड्यातल्या मोठ्या पावसानंतर चेक इंजिनचा दिवा लागला तो लागलाच. लुकलुकत नाही, स्थिर आहे. गाडी तशी बरी चालते. सकाळी सुरू केल्या केल्या थोडी जड वाटते आणि मागून पेट्रोलचा वास येतो. तो भासही असेल म्हणा, कारण दिवा लागल्यापासून मी गाडीची प्रत्येक कुरकुर कान देऊन ऐकतोय.

घराजवळच्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, स्क्रीनकडे बघितलं आणि ‘ओटू सेन्सर गेलाय’ म्हणून मोकळा झाला. म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर. सेन्सर आणि मजुरी धरून साडेसात हजार. वर म्हणतो, कॅटकॉनही (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा डबा) अर्धा चोक झाला असेल, खोलतोच आहोत तर तोही बघून घेऊ. तिथे माझी सटकली. कोड कोणता आला ते विचारलं तर ‘सेन्सरचाच आहे साहेब’ एवढंच उत्तर.

मग लॅमिंग्टन रोडवरून कोड वाचणारं ते निळं ब्लूटूथ डाँगल आणलं, जेवणाच्या बिलाएवढ्या पैशात मिळालं. सॉकेट स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ सापडलं. अँड्रॉइड फोनवर कार स्कॅनर अ‍ॅप टाकलं, पिन १२३४ दिल्यावर जोडलंही गेलं. त्यात दोन गोष्टी दिसतायत:

पी०१३५, ओटू सेन्सर हीटर सर्किट, बँक १ सेन्सर १. हा साठवलेला.
पी०१७१, सिस्टिम टू लीन, बँक १. ह्याच्यापुढे पेंडिंग लिहिलंय.

आता कोडच सांगतोय ओटू सेन्सर, म्हणजे गॅरेजवाला खरं बोलतोय असं धरायचं का? आणि अ‍ॅपमध्ये ‘कोड पुसा’ असं बटण आहे ते दाबून बघू का? पीयूसीची मुदत ह्याच महिन्यात संपतेय, म्हणून जरा घाई आहे.

रविवारचा_मेकॅनिक

कशाला डोक्याला ताप करून घेताय. बॅटरीची मायनस तार काढा, अर्धा तास चहा प्या, परत लावा. दिवा जातो. पीयूसी काढून या. परत लागला तर बघू पुढे.

आगारवाला

भांडुपकर, बटण दाबू नका आणि बॅटरीची तारही काढू नका. निदान आज तरी.

मी आयुष्यभर बसच्या आगारात इलेक्ट्रिशियनचं काम केलं. तिथल्या जुन्या गाड्यांत कोड नव्हता, टेस्ट लॅम्प होता आणि हातात वायरिंगचा कागद. पुढे एमपीएफआय म्हणजे पेट्रोल इंजेक्शनच्या मोटारी आल्या तेव्हा दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडून दिव्याची उघडझाप मोजायची, आधी दशकाच्या, थोडं थांबून एककाच्या. आता फोनवर इंग्रजीत वाक्य उमटतं आणि लोकांना वाटतं निदान झालं. निदान व्हायचंय अजून.

कोड म्हणजे सोसायटीच्या वॉचमनचा निरोप समजा. ‘दुसऱ्या मजल्यावरून पाणी येतंय’ एवढं तो सांगेल. नळ गळतोय, टाकी भरून वाहतेय की कोणी गॅलरी धुतंय, ते वर जाऊन तुम्हालाच बघायचं. पी०१३५ एवढंच म्हणतो की पुढच्या ओटू सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये अपेक्षेप्रमाणे करंट जात नाहीये. सर्किट हा शब्द नीट बघा. त्यात हीटर आला, कपलर म्हणजे तारांचा जोड आला, तार आली, फ्यूज आला, रिले असला तर तो आला, आणि शेवटी ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या, आतला स्विचही आला. गॅरेजवाल्याने त्यातला महाग आणि बदलायला सोपा तुकडा उचलला.

आता तुमच्याच दोन कोडवरून थोडं चालू. पहिलं अक्षर पी, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सकडचं. सी असतं तर ब्रेक-सस्पेन्शनकडचं, बी असतं तर बॉडीचं म्हणजे एअरबॅग वगैरे, आणि यू म्हणजे गाडीतल्या वेगवेगळ्या ईसीयूंचं आपसातलं बोलणं तुटलंय. त्यानंतरचा शून्य सांगतो की हा कोड सगळ्या कंपन्यांना सारखा आहे. तिथे १ असता तर तो कंपनीचा खासगी कोड, आणि त्याचा अर्थ फुकटच्या अ‍ॅपवर बघू नये. तीच संख्या एका कंपनीत एक सांगते आणि दुसरीत भलतंच. शून्यानंतरचा आकडा १, म्हणजे इंधन आणि हवेच्या मोजणीचा विभाग. तिथे ३ असता तर स्पार्क आणि मिसिंग (सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणं), ४ असता तर धुराचं नियंत्रण.

बँक १ सेन्सर १ ह्यावर घोळ होतो. तुमच्या सरळ चार सिलिंडरच्या इंजिनाला बँक, म्हणजे सिलिंडरची रांग, एकच. सेन्सर १ म्हणजे कॅटकॉनच्या आधीचा, सेन्सर २ नंतरचा. मागचा सेन्सर बदलून पुढच्याचा कोड जाईल म्हणून वाट बघणारी माणसं मी पाहिली आहेत.

हीटर कशाला लागतो? हा सेन्सर साधारण ३०० अंशांच्या पुढे तापल्याशिवाय बोलत नाही. हीटर चालू असेल तर थोड्या वेळात तापतो. नसेल तर नुसत्या धुराच्या उष्णतेवर तापायला वेळ घेतो, आणि तोवर ईसीयू सेन्सरचं न ऐकता ठरलेल्या मापाने पेट्रोल टाकत राहतो. थंड इंजिनात ते माप जरा सढळच असतं. म्हणजे सकाळचा पेट्रोलचा वास भास नाही, जुळतोय.

आणखी एक बघा. तुमच्या यादीत पी०१४१ नाही. तो मागच्या सेन्सरच्या हीटरचा कोड. बऱ्याच गाड्यांत दोन्ही हीटर एकाच फ्यूजवरून पोसलेले असतात. फ्यूज उडाला असता तर दोघांनीही ओरड केली असती. एकटा पुढचाच ओरडतोय म्हणजे बिघाड दोन्ही फाटे वेगळे झाल्यानंतरचा असण्याची शक्यता जास्त. तार, कपलर किंवा हीटर. हे काम कोड वाचण्याचंच आहे, जो नाही आला तोही वाचायचा.

कोड पुसायचं बटण का नाही, तर त्याबरोबर फ्रीझ फ्रेम जाते. दिव्याला कारण ठरलेल्या बिघाडाच्या क्षणी ईसीयू तेव्हाचे आकडे टिपून ठेवतो: आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान, लोड. बिघाड शोधताना ह्याच्याइतका कामाचा दुसरा पुरावा नाही आणि मेकॅनिक लोक पहिल्यांदा तोच पुसून टाकतात. त्याबरोबर गाडीने शिकलेलं इंधनाचं गणित जातं, आणि स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्याची नोंदही शून्यावर येते. रविवारच्या मेकॅनिकभाऊंच्या बॅटरीच्या उपायाने हेच होतं, वर स्टिरिओचा कोड विसरला असाल तर तो बोनस. कित्येक गाड्यांत तर कोड बॅटरी काढूनही जात नाही, कारण तो कायमच्या मेमरीत लिहिलेला असतो.

पीयूसीचं म्हणाल तर तिथे सायलेन्सरमध्ये नळी घालून सीओ आणि एचसी मोजतात. मी जिथे जिथे काढली तिथे कोणी सॉकेटमध्ये काही लावलेलं पाहिलं नाही. इंजिन चांगलं गरम करून जा, म्हणजे सेन्सर धुराने का होईना तापलेला असेल.

आता पुढचं काम. अ‍ॅपमध्ये फ्रीझ फ्रेम उघडा, ती कोणत्या कोडची आहे ते बघा आणि आकडे इथे टाका. मग लाइव्ह डेटात शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, एकदा पेट्रोलवर, एकदा गॅसवर, दोन्ही वेळा इंजिन गरम असताना. गाडी चालवताना फोनकडे बघू नका, शेजारी कोणाला तरी बसवा.

भांडुपकर८२

काका, एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. मुलीला शेजारी बसवून पवईपर्यंत चक्कर मारली, ती आकडे वाचत होती.

फ्रीझ फ्रेम पी०१३५ चीच आहे. कूलंट ३१ अंश, आत येणारी हवा ३० अंश, आरपीएम ११८०, वेग ०, फ्युएल सिस्टिम ओपन लूप.

गरम इंजिनवर पेट्रोलवर लाँग टर्म ३.९ ते ४.७ मध्ये. गॅसवर टाकली की हळूहळू चढत १९ च्या आसपास जाऊन बसतं. शॉर्ट टर्म दोन्हीकडे खालीवर नाचतंय.

आगारवाला

छान. मुलीला सांगा, आगारात असतो तर तिला मदतनीस म्हणून घेतलं असतं.

कूलंट ३१, हवा ३०. जुलैत मुंबईत बाहेरचंच तापमान तेवढं. म्हणजे इंजिन नुकतंच सुरू झालं होतं, गाडी जागेवर उभी. ओपन लूप म्हणजे ईसीयू अजून सेन्सरचं ऐकत नव्हता. सिक्वेन्शियल किट रिड्यूसर (गॅसचा दाब उतरवणारा भाग) तापल्याशिवाय गॅसवर जात नाही, म्हणजे त्या क्षणी गाडी पेट्रोलवर होती. तेव्हा ह्या कोडशी तुमच्या सीएनजी किटचा काही संबंध नाही. गॅरेजमध्ये कोणी ‘गॅसची गाडी आहे, सेन्सर जळतातच’ म्हणालं तर ह्या आकड्यांकडे बोट दाखवा.

दुसरा कोड मात्र गॅसचाच. फ्युएल ट्रिम म्हणजे ठरलेल्या मापापेक्षा ईसीयूला किती टक्के इंधन जास्त किंवा कमी टाकावं लागतंय. चारपाच टक्के काहीच नाही. दहाच्या पुढे गेलं की मी कारण शोधायला लागतो. पेट्रोलवर ४, गॅसवर १९. इंजिन तेच, हवा तीच, सेन्सर तोच, बदललं फक्त इंधन. तेव्हा पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, हवेची गळती ह्यांना हात लावायची गरज नाही. गॅसच्या बाजूला काहीतरी कमी पडतंय, ते किटवाल्याला दाखवा. पी०१७१ पेंडिंग आहे ह्याचा अर्थ ईसीयूने तो एका फेरीत पाहिलाय. लागोपाठच्या पुढच्या फेरीत पुन्हा दिसला की तो पक्का होईल.

एक आगाऊ सूचना. यूट्यूबवर पी०१७१ शोधलंत की सगळे अमेरिकन मेकॅनिक व्हॅक्यूमच्या नळ्यांवर कार्ब क्लीनर फवारताना दिसतील. त्यांच्या बऱ्याच गाड्यांत हवा मोजणारा एमएएफ असतो. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या गाड्यांत तो नसतोच, मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा हिशेब करतात. अशा गाडीत नळी फाटली तर ईसीयूला जादा हवा दाबातून कळते आणि तो पेट्रोलही वाढवतो, म्हणून ट्रिमपेक्षा आयडलिंग चढलेलं आधी दिसतं. त्यांचा व्हिडिओ चुकीचा नाही, गाडी वेगळी आहे.

आता पी०१३५ साठी मीटर काढा. साधा दोनतीनशेचा चालेल. सकाळी गाडी थंड असताना पुढच्या सेन्सरचा कपलर सोडा. सेन्सरकडून चार तारा येतात, त्यातल्या दोन बहुतेक सेन्सरवर एकाच रंगाच्या असतात, त्या हीटरच्या. त्या दोघींमध्ये ओहम मोजा. थंड हीटर काही ओहम दाखवेल, ३ ते १५ च्या आत कुठेतरी. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटरची तार आतून तुटलीय, मग सेन्सर घ्या, गॅरेजवाल्याला माझा नमस्कार सांगा. ओहम ठीक आले तर दुसऱ्या बाजूला, म्हणजे गाडीकडून येणाऱ्या कपलरमध्ये बॅटरीचे १२ व्होल्ट येतायत का बघा, काळी प्रोब इंजिनाच्या अर्थला. काही गाड्यांत नुसती चावी ऑन करून पुरवठा येत नाही, इंजिन सुरू करून बघावं लागतं. तेव्हा हात आणि तारा पंख्यापासून लांब. प्रोब पिनमध्ये जोराने खुपसू नका, पिन सैल झाली की नवाच बिघाड घरी आणाल.

गॅसवाला_कुर्ला

आगारवाले बरोबर बोलतायत. मी किट बसवतो आणि ट्यूनिंग करतो, माझ्याकडे अशी गाडी रोज एक येते. किटचा ईसीयू वेगळा असतो, त्याला वेगळी केबल आणि वेगळं सॉफ्टवेअर लागतं. तुमच्या निळ्या डाँगलवर तो दिसणार नाही. डाँगलवर दिसतो तो फक्त गाडीच्या ईसीयूचा त्रास.

गॅसवर ट्रिम चढण्याची मला दिसणारी नेहमीची कारणं सांगतो. गॅसचा फिल्टर चोक असतो, कारण तो बदलायचा असतो हेच लोकांना माहीत नसतं. रिड्यूसरचा दाब उतरलेला असतो. नाहीतर किट बसवताना कॅलिब्रेशन जागेवर उभ्या गाडीत उरकलेलं असतं, रस्त्यावर घेतलेलंच नसतं. फिल्टर आधी बदला, स्वस्त आहे. मग कॅलिब्रेशन. पण ओटू सेन्सरचं काम आधी उरका भाऊ, कारण कॅलिब्रेशन करताना आम्ही त्याच ट्रिमकडे बघतो. सेन्सर नीट बोलत नसेल तर आम्ही बहिऱ्याला विचारून ट्यूनिंग करणार.

आणि गॅसच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट तीन वर्षांनी करावी लागते. पाटीवरची तारीख बघून घ्या, त्याच फेरीत होईल.

मीनल_दहिसर

आगारवाले काकांचं ‘पुसू नका’ मला पटतं. माझ्या गाडीचा दिवा लुकलुकायला लागला होता, वेस्टर्न एक्स्प्रेसवर, जोगेश्वरीच्या पुलाआधी. गाडी उचक्या देत होती, पिकअप शून्य. डावीकडे घेऊन बंद केली. कोड होता पी०३०१, पहिल्या सिलिंडरचं मिसिंग. आदल्या दिवशी वॉशिंगवाल्याने बॉनेट उघडून आत प्रेशरने पाणी मारलं होतं.

आमच्या मेकॅनिकने जे केलं ते मला फार आवडलं. त्याने काहीही विकत आणलं नाही. पहिल्या सिलिंडरचं कॉइल काढून तिसऱ्यावर लावलं, तिसऱ्याचं पहिल्यावर. गाडी थोडा वेळ चालवली. कोड पी०३०३ झाला. म्हणजे बिघाड कॉइलबरोबर सरकला, प्लग आणि इंजेक्टर सुटले. मग एकच कॉइल घेतलं. प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलेलं होतं ते हवेने उडवलं.

आगारवाला

मीनलताई, मेकॅनिक सांभाळा तो. आणि लुकलुकणाऱ्या दिव्यावर गाडी थांबवलीत हे सगळ्यांनी वाचावं. स्थिर दिवा म्हणजे वेळ काढून बघा. लुकलुकणारा म्हणजे आत्ता मिसिंग एवढं आहे की न जळलेलं पेट्रोल कॅटकॉनमध्ये जाऊन जळतंय आणि तो वितळू शकतो. दोन हजारांच्या कॉइलपायी पन्नास हजारांचा डबा जातो.

ठाणे_वेस्ट

कॅटकॉनवरून आठवलं. माझ्या २०१८ च्या गाडीत पी०४२० येतोय. सर्व्हिस सेंटरने सरळ कॅटकॉनचं एस्टिमेट दिलं, आकडा बघून बायको म्हणाली गाडी विकून टाक. ह्यातही सर्किट वगैरे असतं का?

आगारवाला

सर्किट नाही, पण उडी तशीच. पी०४२० म्हणजे कॅटकॉनची कार्यक्षमता मर्यादेखाली. ईसीयू कॅटकॉन उघडून बघत नाही. तो पुढच्या आणि मागच्या सेन्सरची तुलना करतो. लाइव्ह डेटात दोघांचे व्होल्ट एकाच आलेखावर लावा. गरम इंजिनवर पुढचा ०.१ ते ०.९ मध्ये भराभर वरखाली जातो. कॅटकॉन चांगला असेल तर मागचा बराचसा स्थिर, साधारण ०.६-०.७ ला बसून राहतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कॅटकॉनवर संशय घ्यायला जागा आहे.

पण त्याआधी मॅनिफोल्डपासून मागच्या सेन्सरपर्यंत सायलेन्सरच्या सांध्यात गळती आहे का बघा. तिथून हवा आत ओढली गेली तरी मागचा सेन्सर फसतो. थंड गाडी सुरू करून सांध्यांजवळ काळी काजळी आणि फुसफुस शोधायची. आणि आधी कधी मिसिंग होऊन गेलंय का, इंजिन ऑइल खातंय का, तेही तपासा. ते कारण तसंच राहिलं तर नवा कॅटकॉनही त्याच वाटेने जाईल.

रविवारचा_मेकॅनिक

माझं बॅटरीचं मागे घेत नाही 😀 २००८ च्या गाडीला हे सगळं कुठून लावू?

आगारवाला

२००८ ला आपल्याकडे ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड कोडमध्ये नोंदवण्याची, सक्तीच नव्हती. बीएस-४ एप्रिल २०१० मध्ये मुंबईसह मोजक्या शहरांत आलं, त्याबरोबर ओबीडीची पहिली पायरी, आणि एप्रिल २०१३ पासून दुसरी. तुमच्या गाडीत सोळा पिनांचं सॉकेट असेलही, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची असू शकते, म्हणून साधं डाँगल जोडणी होत नाही म्हणून रडतं. ज्याच्याकडे त्या कंपनीचा स्कॅनर आहे असा माणूस शोधा. सॉकेट नसेलच तर मी वर म्हटलेली उघडझाप. बॅटरी त्यातही काढू नका.

भांडुपकर८२

मंडळी, सापडलं.

आज सकाळी थंड गाडीवर मीटर लावला. हीटर ८.४ ओहम, म्हणजे सेन्सर ठणठणीत. दुसऱ्या बाजूला इंजिन सुरू करून बघितलं तर व्होल्ट शून्य. फ्यूज काढून बघितला, शाबूत. मग कपलरपासून तारेच्या मागे मागे गेलो. काळी पन्हाळी नळी बॅटरीच्या ट्रेमागून जाते. तिथे टॉर्च मारला तर नळी इंचभर कुरतडलेली, आत तीन तारा उघड्या, त्यातली एक साफ तुटलेली. बाकी दोघींचं फक्त आवरण खाल्लेलं. ट्रेवर लेंड्या आणि अर्धा पाव. आमच्या भिंतीपलीकडे नाला आहे आणि पाऊस चढला की तिकडच्या घुशी-उंदीर कंपाउंडमध्ये येतात. उभ्या गाड्यांच्या गरम इंजिनात कोरडी जागा मिळते त्यांना.

नाक्यावरच्या वायरमनला बोलावलं. बॅटरीची तार आधी काढली (काका, ह्या वेळी चालेल ना!). त्याने तुटलेली तार डाग देऊन जोडली, तिन्हींवर स्लीव्ह चढवून गरम केली, वरून नवी नळी. सेन्सरला कोणी हात लावला नाही. आता कपलरमध्ये इंजिन चालू असताना १३.९ व्होल्ट येतायत. बॅटरी काढूनही पी०१३५ यादीत आहेच आणि दिवाही तसाच. आता तरी पुसू का?

आगारवाला

तार जोडायला बॅटरी काढलीत ते बरोबरच. आकडे तुम्ही इथे लिहून ठेवलेले होते, म्हणून फ्रीझ फ्रेम गेली तरी बिघडलं नसतं.

आता पुसलंत तरी चालेल, पण मी पुसणार नाही. लागोपाठच्या तीन फेऱ्यांत तपासणी नीट पार पडली की ईसीयू दिवा स्वतः बंद करतो. काम खरंच झालंय की नाही ह्याची ती पावती. कोड मात्र मेमरीत राहील, इंजिन चाळीस वेळा नीट गरम झाल्यावर तोही आपोआप जाईल. नीट म्हणजे कूलंट सुरुवातीपेक्षा किमान २२ अंश चढलं पाहिजे आणि ७१ च्या वर गेलं पाहिजे. गाडी नुसती एका गल्लीतून काढून दुसऱ्या गल्लीत लावलीत तर ते धरत नाही. जेव्हीएलआरच्या ट्रॅफिकमध्ये मात्र न मागता होईल.

घुशींचं बघा. तीन तारांपैकी ज्यांचं नुसतं आवरण गेलं होतं त्या कशाच्या होत्या ते वायरमनला विचारून लिहून ठेवा. पुढे दुसरा कुठला कोड आला तर पहिल्यांदा तिथेच जायचं. बॉनेटखाली पाव, बिस्किटं, मांजरीचं खाणं काही राहू देऊ नका, गाडी भिंतीपासून हातभर लांब लावा, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा टॉर्च मारून बघा. वासाचे स्प्रे मिळतात, पण पहिल्या पावसात ते धुऊन जातात. बारीक जाळी लावायची असेल तर खालून लावा, पण सायलेन्सरपासून लांब.

गॅसवाला_कुर्ला

आता या कॅलिब्रेशनला. पेट्रोलची टाकी अर्धी तरी ठेवा. गॅसची माणसं काट्यावर येईपर्यंत पेट्रोल भरत नाहीत आणि ट्यूनिंगच्या मध्येच पंप कोरडा पडतो.

भांडुपकर८२

शनिवारी येतो. गॅरेजवाल्याला मुद्दाम फोन करून सांगितलं तार तुटली होती. म्हणाला, ‘तेच मी सांगत होतो.’

मीनल_दहिसर

😂 सगळे असेच.

मला एक सांगा, ते निळं डाँगल आयफोनला चालेल का? भावासाठी घ्यायचंय.

आगारवाला

साधं ब्लूटूथवालं आयफोनला जोडलं जात नाही. ब्लूटूथ एलई किंवा वायफायवालं घ्यायला सांगा. वायफायवालं असेल तर जोडलेलं असताना फोनचं इंटरनेट बहुधा अडकतं, तेव्हा कोड वहीत लिहून घेऊन मगच अर्थ शोधायचा. आणि ‘आवृत्ती २.१’ लिहिलेल्या बऱ्याच स्वस्त नकला अर्ध्या आज्ञा समजत नाहीत, दुकानदाराला जोडून दाखवायला सांगा. काम झालं की सॉकेटमधून काढून ठेवायचं. त्या सॉकेटला चावी बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा चालूच असतो, गाडी आठवडाभर उभी राहिली तर सकाळी धक्का मारायची वेळ येते.